साठीनंतर किती जेवायचं? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात ज्येष्ठांच्या आहारावर प्रश्न पाठवा म्हटलं आणि मेलबॉक्स भरून वाहायला लागला. निम्म्या लोकांना जेवण कमी करायचंय, निम्म्यांना घरातल्या कुणाचं तरी वाढवायचंय, आणि दोघांनाही वाटतंय की आपलं उत्तर एका ओळीत मिळेल. तसं होत नाही हो. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीसारखीच छापत नाहीये.

मॅडम, वय ६८, बँकेतून रिटायर झालोय. यूट्यूबवर ऐकलं की कॅलरी २५-३० टक्के कमी केल्या की आयुष्य वाढतं, माकडांवर सिद्ध झालंय म्हणे. मी मोबाईलवर अॅप टाकून १२०० कॅलरीवर आलोय. चार महिन्यांत ६४ चे ५८ किलो झालो, उंची ५ फूट ६ इंच. मला हलकं वाटतं, बायको म्हणते गालफडं बसली. चालू ठेवू का? (डोंबिवली)

काका, बायकोचं ऐका. थांबवा हे.

आता सविस्तर, कारण तुमच्यासारख्याच मेल अजून बऱ्याच आल्यात आणि सगळे तोच व्हिडिओ बघून बसलेत असं दिसतंय. कमी खाऊन आयुष्य वाढतं ही गोष्ट खोटी नाहीये, पण ती कुणाबद्दल आहे ते बघायला हवं. १९३५ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना कमी कॅलरी पण बाकी जीवनसत्त्वं वगैरे पुरेशी देऊन वाढवलं आणि ते उंदीर जास्त जगले, तिथून हे सगळं सुरू झालं. मग माकडं. तिथे दोन प्रयोग झाले, एक विस्कॉन्सिनला आणि एक अमेरिकन सरकारच्या वार्धक्य संस्थेत, दोन्ही १९८० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेले, आणि निकाल उलटसुलट आले. विस्कॉन्सिनवाल्यांनी २००९ ला सांगितलं की फायदा आहे, सरकारी संस्थेने २०१२ ला सांगितलं की आयुष्य काही वाढलं नाही. नंतर २०१७ ला दोघांनी एकत्र बसून डेटा तपासला तेव्हा बरेच फरक पुढे आले, वय वेगळं, खाणं वेगळं. विस्कॉन्सिनच्या माकडांच्या खाण्यात साखर कितीतरी जास्त होती, आणि तुलनेसाठी ठेवलेली माकडं हवं तेवढं खात होती, म्हणजे ज्यांच्याशी तुलना केली तीच मुळात जाड होती. अशांपेक्षा कमी खाणारा बरा राहिला तर त्यात नवल काय. व्हिडिओत हे सांगत नाहीत.

माणसांवरचा सगळ्यात नीट झालेला प्रयोग म्हणजे अमेरिकेतला कॅलरी नावाचाच अभ्यास, दोन वर्षांचा, दोनशेच्या वर लोक, कुणीही लठ्ठ नाही. सांगितलं होतं २५ टक्के कमी खा, जमलं सरासरी १२ टक्के, तेही आठवड्याला सल्ला देणारी टीम मागे असताना. बीपी, कोलेस्टेरॉल, इन्सुलिन सगळं सुधारलं, आणि २०२३ मध्ये त्याच लोकांच्या रक्ताचे नमुने तपासून म्हातारं होण्याचा वेग दोन-तीन टक्के मंदावलेला दिसला असंही छापून आलं. चांगलंच आहे. पण काका, ते लोक होते २१ ते ५० वयाचे. त्यात ६८ चा एकही नव्हता. आणि त्या धडधाकट लोकांचीसुद्धा कमरेच्या मणक्यातली आणि खुब्यातली हाडाची घनता कमी झाली. तिशीतल्या माणसाला ते परवडतं, तुम्हाला बाथरूममध्ये पाय घसरला की त्याचा हिशोब द्यावा लागेल.

आता तुमचे आकडे. ६४ किलो असताना तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) साधारण २३ च्या जरा खाली होता, म्हणजे तुम्ही जाड नव्हताच. आता साडेवीस झालाय. चार महिन्यांत नऊ टक्क्यांच्या वर वजन गेलं, आणि तुम्ही व्यायामाचा एक शब्द लिहिला नाहीये म्हणजे जे गेलं त्यात चरबी किती आणि मांडीचं, दंडाचं मांस किती हे देवाला माहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशोबाने बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला २११० कॅलरी लागतात, बाईला ५५ किलोला १६६०. हे सरसकट मोठ्या माणसांचे, साठीनंतर थोडं कमी लागतं. किती कमी? २०२१ मध्ये २९ देशांतल्या सहा हजारांवर लोकांची मोजणी प्रसिद्ध झाली, त्यात असं दिसलं की विशीपासून साठीपर्यंत शरीराचा खर्च जवळपास सारखाच राहतो (चाळीशीत मेटाबॉलिझम मंदावतो म्हणून पोट सुटलं, हे आपण सगळे उगाच सांगत फिरतो) आणि साठीनंतर वर्षाला साधारण पाऊण टक्का कमी होत जातो. म्हणजे अडुसष्टीला पाच-सहा टक्के समजा. तुम्ही डायरेक्ट चाळीस टक्के कापलंत.

अजून एक गोष्ट जी मला जास्त महत्त्वाची वाटते. १९९४ ला एक छान अभ्यास आला होता, तरुण आणि वयस्कर पुरुषांना तीन आठवडे कमी खायला घातलं आणि मग सांगितलं आता हवं तेवढं खा. तरुणांनी नेहमीपेक्षा जास्त खाऊन झालेली घट भरून काढली. वयस्करांनी नाही. त्यांची भूक परत वर आलीच नाही, वजन खालीच राहिलं. म्हणून साठी ओलांडल्यावर 'बघू तर करून, नाही जमलं तर परत खाऊ' असं चालत नाही, खाली जाणं सोपं असतं आणि वर येताना भूक साथ देत नाही. तुम्ही लिहिलंय की 'आता भूकच लागत नाही, सवय झाली', ते वाचून मला आनंद झाला नाही.

तर करायचं काय, अॅप डिलीट करा असं नाही म्हणत, पण टार्गेट १८०० च्या आसपास लावा, पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा, आणि कॅलरीपेक्षा प्रोटीनचा रकाना बघा. ६०-६२ किलोवर येऊन थांबलात तरी पुरे. आणि वाढत्या खाण्याबरोबर पायांचा व्यायाम चालू नाही केलात तर वजन परत येईल ते पोटावर येईल, ते मात्र तुमच्या हातात आहे.

सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी ४७ किलो होत्या, आता ४२. सकाळी चहा-खारी, दुपारी अर्धी भाकरी नि वरणाचं पाणी, संध्याकाळी परत चहा, रात्री 'मला नको' म्हणतात. वय झालं की एवढंच लागतं असं त्यांचं म्हणणं, आणि नातेवाईक पण तेच म्हणतात. हातातल्या बांगड्या आता साबण न लावता निघतात. काळजी करावी का? (लातूर)

ताई, हो. आणि बांगड्यांचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण बऱ्याच घरात वजनकाटा नसतो आणि असला तरी म्हातारं माणूस त्यावर चढत नाही. ब्लाउज ढगळ होणं, बांगडी निघून येणं, अंगठीला दोरा गुंडाळावा लागणं, कवळी अचानक सैल होणं, या खुणा घरातल्या बाईलाच आधी कळतात, डॉक्टरला नंतर.

वय झालं की भूक कमी होते हे खरं आहे, पण ४७ चे ४२ म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त, याला वय म्हणून सोडून देत नाहीत. डॉक्टर लोकांचा साधा नियम आहे, प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन उतरलं तर कारण शोधायचं. म्हणजे पहिली पायरी स्वयंपाकघर नाही, दवाखाना. जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, चिठ्ठी नको, खऱ्या गोळ्या. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तिने काही जणांची भूक मरते आणि दीर्घकाळ घेतली तर बी-१२ पण कमी होतं, आणि दुसऱ्याही बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, चव जाते. थायरॉईड, हिमोग्लोबिन, शुगर, किडनी बघतील, टीबी आणि कॅन्सर नाही ना ते बघतील (घाबरू नका, बघायचं असतं). त्याशिवाय डॉक्टर घाईत असतील तर तुम्हीच सांगायच्या अशा गोष्टी: दात किती आहेत, कवळी टोचते का, गिळताना ठसका लागतो का, पोट साफ होतं का, आणि जेवलेलं विसरतात का. आणि अजून एक, सासरे गेल्यापासून हे चालू झालंय का? तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की ते मागच्या वर्षी गेले. म्हातारपणातलं डिप्रेशन रडत येत नाही, 'मला नको' म्हणत येतं.

हे तुमच्याच घरात चाललंय असं समजू नका. आपल्याकडे ४५ च्या पुढच्या सत्तर हजारांवर लोकांची देशभर मोठी पाहणी झाली होती २०१७-१८ ला, लासी नावाची, मुंबईत देवनारला ती लोकसंख्येची संस्था आहे त्यांनी केलेली. त्यात साठीच्या पुढचे साधारण २७ टक्के लोक कमी वजनाचे निघाले आणि २२ टक्के जास्त वजनाचे. आपण बोलतो मात्र सगळं लठ्ठपणाबद्दलच.

आता स्वयंपाकघर. चहा आणि दोन खाऱ्या म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरी मिळतात पण त्यात प्रोटीन तीन-चार ग्रॅम. आणि त्या दोन कप चहाने पुढच्या जेवणाची भूक मारली जाते ते वेगळंच. चहा बंद करायला सांगू नका, भांडण होईल. जेवणाच्या आधीचा दीड तास चहा नको एवढंच करा, आणि चहा निम्मं दूध घालून करा, वर चमचाभर दूध पावडर.

म्हाताऱ्या माणसाला 'अजून एक पोळी घ्या' म्हणून उपयोग नसतो, घास तेवढेच राहणार हे धरून चालायचं आणि त्या घासात भर घालायची. वरणाचं पाणी नको, घट्ट वरण, त्यावर साजूक तूप चमचाभर (तेवढ्यानेच ४५ कॅलरी). भाजीत दाण्याचं कूट सढळ हाताने, मोठा चमचा कूट म्हणजे पन्नासेक कॅलरी आणि अडीच ग्रॅम प्रोटीन. अर्धी भाकरी दुधात कुस्करून देता येते, लातूरकडे तुम्हाला हे मी सांगायला नको. नाचणीचं सत्त्व पाण्यात नाही, दुधात. मऊ मुगाची खिचडी तुपाची फोडणी देऊन. अंडं चालत असेल तर रोज एक, भुर्जी मऊ होते, चावावी लागत नाही. शेवयाची खीर, दह्याची कढी नको घट्ट दहीच द्या. आणि दिवसाचे पाच-सहा छोटे कप किंवा वाट्या करा, ताट वाढलं की त्यांना ते बघूनच नको होतं. सगळ्यात शेवटचं, एकट्या जेवतात का त्या? तुम्ही सगळे रात्री नऊला टीव्हीसमोर आणि त्या साडेसातला एकट्या खोलीत, असं असेल तर नातवंडाला त्यांच्यासोबत बसवा. याला पैसे लागत नाहीत.

घरी मोजायची एक पद्धत सांगते. शिंप्याकडचा टेप घ्या, त्यांना खुर्चीत बसवून पाय जमिनीवर टेकवा आणि पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथे टेप गुंडाळा, आवळायचा नाही. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ ला ठरवलेल्या खुणेप्रमाणे बायकांची पोटरी ३३ सेंटिमीटरच्या खाली आणि पुरुषांची ३४ च्या खाली असेल तर स्नायू झिजल्याची शंका घ्यायची. पायाला सूज असेल तर हा आकडा फसवा येतो हे लक्षात ठेवा. महिन्यातून एकदा तोच पाय, तीच खुर्ची, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तुम्ही लोक म्हणता म्हातारपणी वजन कमी करू नका, ऑर्थोपेडिक म्हणतात करा. वय ६५, ७४ किलो, उंची ५ फूट १, शुगर आहे, गुडघे दुखतात, शुद्ध शाकाहारी. कुणाचं ऐकू? (पुणे)

ऑर्थोपेडिकचं ऐका. आम्ही सरसकट 'करू नका' म्हणत नाही हो, ज्यांचं मुळातच कमी आहे त्यांना म्हणतो. पाश्चात्त्य देशांतल्या साठीपासष्टीपुढच्या लोकांच्या अभ्यासात बीएमआय २३ च्या खाली मृत्यूचा धोका वाढलेला दिसलाय आणि थोडंसं जाड असणं तितकं वाईट ठरलं नाहीये, ते खरं. पण तुमचा ३१ च्या आसपास येतोय. आणि आपल्या लोकांची अजून एक भानगड आहे, जी जगाला पुण्यानेच दाखवली. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टर मित्राचा फोटो छापला होता वैद्यकीय नियतकालिकात, दोघांचा बीएमआय सारखाच २२.३, पण मित्राच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या २१ टक्के. म्हणजे आपण दिसायला बेताचे आणि आतून चरबीचे. म्हणून वजनाच्या जोडीला कंबर मोजा, बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की आपल्याकडे जास्त धरतात.

तर वजन कमी करायचं, पण कसं यावर सगळं अवलंबून आहे. २०१७ ला एक अभ्यास आला, ६५ च्या पुढचे १६० लठ्ठ लोक, सहा महिने. कमी खाण्याच्या जोडीला कुणी नुसतं चाललं वगैरे, कुणी वजनं उचलली, कुणी दोन्ही केलं. वजन या तिन्ही गटांचं साधारण नऊ टक्के उतरलं, पण नुसतं चालणाऱ्यांचं चरबी सोडून बाकीचं अंग ५ टक्के गेलं, वजनं उचलणाऱ्यांचं २ टक्के, आणि दोन्ही करणारे जिने चढणं, खुर्चीतून उठणं यात सगळ्यात पुढे गेले. दुसरीकडे अमेरिकेतच शुगरवाल्या पाच हजारांवर लोकांना वर्षानुवर्षं डाएट आणि व्यायाम करायला लावलं, शुगर सुधारली, गोळ्या कमी झाल्या, पण ठिसूळ हाडांची फ्रॅक्चर्स त्या गटात जास्त झाली. दोन्ही एकत्र वाचले की अर्थ कळतो. सारसबागेला रोज तीन चकरा मारता ते चालू ठेवा, त्याने शुगरला मदत होतेच, पण तेवढ्यावर डाएट करू नका. आठवड्यातून दोन-तीनदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेले मांडीचे, कमरेचे, दंडाचे व्यायाम हवेत. सुरुवात खुर्चीवरून: हात छातीवर ठेवून पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंदांच्या पुढे लागले तर पायात ताकद कमी आहे.

कापायचं कुठून? पोळी-भाकरीवरून नका सुरू करू, तेलाच्या डब्यापासून करा. तुम्ही लिहिलंय दोघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल लागतं. हिशोब करा, माणशी रोज ५० मिली, म्हणजे नुसत्या तेलाच्या चारशेच्या वर कॅलरी. दीड लिटरवर या आणि दुसरं काही बदलू नका, तरी रोजच्या दोनशे गेल्या. मग चहाची साखर आणि चहाबरोबरचं फरसाण. रोजच्या तीन-चारशे कॅलरी कमी झाल्या की महिन्याला किलोभर उतरेल, याहून घाई नको. पाच-सात किलो उतरले तरी गुडघ्यांना फरक कळतो, ५५ किलोचं स्वप्न बघू नका.

आणि प्रोटीन वाढवायचं. सर्वसाधारण मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगतात, वयस्करांसाठी जगभरातले तज्ज्ञ आता १ ते १.२ म्हणतात. तुमच्या आजच्या ७४ किलोवर नाही, उंचीला साजेशा वजनावर हिशोब करून दिवसाला साठेक ग्रॅम धरू. शाकाहारात कसं येतं बघा: दोन ज्वारीच्या भाकरींचे अकरा-बारा, दोन वाट्या घट्ट वरणाचे बारा-तेरा, वाटीभर मटकीच्या उसळीचे सात, ग्लासभर दुधाचे आठ, वाटीभर दह्याचे पाच, ५० ग्रॅम पनीरचे नऊ-दहा, मूठभर दाण्यांचे पाच. आलं की जवळजवळ. पण हे सगळं एका जेवणात नको, सकाळच्या नाश्त्यातही यायला हवं, आपले पोहे-उपमा तिथे मार खातात, त्याऐवजी मुगाचं धिरडं करा किंवा पोह्यांबरोबर दूध घ्या. शुगर आहे म्हणून किडनीचा रिपोर्ट आधी बघून घ्या, क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हे आकडे लागू नाहीत, डॉक्टर सांगतील तेच. आणि वजन उतरायला लागलं की शुगरच्या गोळ्या पण कमी कराव्या लागतात, ते आठवण करून त्यांना विचारा.

वडील ७२, कोल्हापूर. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी, आणि चातुर्मासात एकभुक्त. शुगरच्या गोळ्या चालू. मागच्या एकादशीला देवळात चक्कर येऊन पडले. ऐकत नाहीत.

आधी गोळीचं नाव बघा. ग्लिमेपिराइड किंवा त्या जातीची असेल तर जेवण चुकवून ती घेणं धोक्याचं आहे, शुगर एकदम खाली जाते, आणि इन्सुलिन असेल तर आणखीच. उपासाच्या दिवशी डोस काय घ्यायचा हे डॉक्टरांकडून लिहून आणा, अंदाजाने नाही. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असू द्या. आणि पडले होते म्हणताय तर बीपी आडवं झोपून आणि उभं राहून दोन्ही मोजून घ्या.

उपास सोडा असं मी सांगणार नाही, सांगितलं तरी ते सोडणार नाहीत. पण साबुदाणा हा निव्वळ स्टार्च आहे, प्रोटीन त्यात नावालाही नाही, वरून तेल-तूप, त्यामुळे खिचडीच्या एका ताटलीने शुगर आधी चढते आणि मग माणूस दुपारभर गळून जातो. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, भगर दह्याबरोबर, दाण्याची आमटी, दूध, ताक. हे सगळं उपासालाच चालतं ना? मग झालं. निर्जळी मात्र नको, या वयात बिलकुल नको. एकभुक्ताबद्दल एवढंच की आठवड्याचे सोमवार-गुरुवार आणि त्यावर चार महिने एकच वेळ जेवण धरलं तर दिवसभराचं प्रोटीन एका ताटात बसवावं लागतं, आणि बहात्तरीच्या पोटात ते मावत नाही. त्यांचे गुरुजी किंवा बुवा असतील तर त्यांच्याकडून सांगवा, 'दुपारी फराळ आणि रात्री दूध चालतं' एवढं वाक्य तिकडून आलं की वडील मानतील. तुमच्याकडून आलं तर नाही मानणार.

रात्रीचं जेवण बंद करून नुसतं दूध आणि फळ घेतलं तर चालेल का? वय ७०, तब्येत उत्तम. (रत्नागिरी)

दोन वेळा पोटभर नीट जेवत असाल, वजन स्थिर असेल, शुगर-बीपीच्या गोळ्यांचा प्रश्न नसेल तर चालेल. दूध ग्लासभर, कपभर नाही. वजन दोन किलोंनी खाली आलं की परत वरण-भात चालू करा. मासे दुपारी खाताय ना? बांगडा सोडू नका.

मी न्यू जर्सीला असतो, आई-बाबा साताऱ्यात, दोघं पंचाहत्तरीचे. इथून प्रोटीन पावडरचे डबे पाठवतो, ते घेत नाहीत. शिवाय बाबांना मित्राने ते वजन कमी करायचं इंजेक्शन सुचवलंय. मत सांगा.

डबे घेत नाहीत कारण त्याला व्हॅनिलाचा वास येतो आणि त्यांना तो आवडत नाही, दुसरं काही कारण नाही. साताऱ्यात किराणा दुकानात साध्या स्किम्ड दुधाची पावडर मिळते, तिच्यात शंभर ग्रॅमला ३५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, ती पिठल्यात, खिरीत, थालीपीठाच्या भाजणीत, कशातही जाते आणि कळतसुद्धा नाही. फुटाण्याचं पीठ ताकात. तुमचा पोस्टाचा खर्च वाचेल, तो फिजिओथेरपिस्टच्या महिन्याच्या फीला लावा.

इंजेक्शनबद्दल: २०२५ पासून आपल्याकडे मौंजारो वगैरे मिळायला लागलंय आणि आता मित्र मित्रांना सुचवतायत, आंब्याची पेटी सुचवावी तसं. औषध वाईट नाही, खूप लठ्ठ आणि शुगर असलेल्या माणसाला उपयोग होतो. पण ते मुळात भूक मारतं, आणि त्याने उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. तुम्ही बाबांचं वजन, उंची, शुगर काहीच लिहिलं नाहीये. पंचाहत्तरीला हे फक्त ज्या डॉक्टरकडे त्यांचे सगळे रिपोर्ट आहेत त्यांनी लिहून दिलं तरच, आणि जोडीला खाण्याचा आणि व्यायामाचा प्लॅन हातात असेल तरच. पोट थोडं सुटलंय एवढ्यावर नाही.

माझे वय ८१. शुगर नाही, बीपी नाही, वजन ५४ वर्षानुवर्षे तेच. मुलगा-सून फार काळजी घेतात, पण गोड देत नाहीत, तूप देत नाहीत, बटाटा देत नाहीत. गुढीपाडव्याला श्रीखंड दोन चमचे मोजून दिले. या वयात हे पथ्य मी का करावे? (नागपूर)

आजोबा, करू नये. एक्याऐंशीला वजन स्थिर आहे, रिपोर्ट चांगले आहेत, तर पथ्याने मिळणारं असं काही उरलेलं नाही आणि जाण्यासारखं बरंच आहे. म्हाताऱ्या माणसांचं खाणं बेचव केलं की ते कमी खातात आणि वजन उतरतं, म्हणून वृद्धाश्रमांमध्येसुद्धा कडक पथ्यं सैल करा असं आता आहारतज्ज्ञ सांगतात. श्रीखंड म्हणजे शेवटी चक्का आहे, त्यात प्रोटीन आहे, वाटीभर घ्या सणाला. पुरणपोळीत हरभऱ्याची डाळ आहे. तूप भातावर चमचाभर रोज. सूनबाईंना सांगा शिरा करताना पाण्याऐवजी दूध घाला आणि बटाटा रश्श्यात टाका, मऊ शिजतो, चावायला सोपा. मीठ आणि लोणच्या-पापडाचं मात्र त्यांचं ऐका, तिथे त्या बरोबर आहेत. आणि तुम्ही रोज फाटकापर्यंत जाऊन पेपर आणता असं लिहिलंय, तो मुलाला आणू देऊ नका.